हर्षांक

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर एक हिरवी रेघ हळूहळू वर चढत होती. काचेपलीकडच्या खोलीत एक स्वयंसेवक आरामखुर्चीत डोळे मिटून पडला होता. त्याच्या कानामागे, त्वचेखाली, तांदळाच्या दाण्याएवढा एक संवेदक बसवलेला होता.

"याला काय दिलंय?" अ‍ॅडव्होकेट दातीरांनी विचारले. औषधी गांजा विधेयकाचा मसुदा त्यांच्याकडे होता आणि दोन अधिवेशने ते विधेयक एकाच मुद्द्यावर अडून बसले होते.

"नशा आणणारा अर्क," डॉ. शर्वाणी उमाळकर म्हणाल्या. "गांजाच्या फुलांत पुष्कळ द्रव्यं असतात. काही वेदना शमवतात, काही नशा आणतात, काही दोन्ही करतात. त्यामुळे नुसतं वाण बदलून भागत नाही, थेट मेंदूत बघावं लागतं. मेंदूत खोलवर एक मार्ग आहे. मी त्याला हर्षपथ म्हणते. माणसाला काही सुखाचं मिळालं की त्या पथावर एक रसायन पाझरतं. नशा चढली की ते पाझरत नाही, लोटतं. हा दाणा म्हणजे हर्षमापी. तो तेच मोजतो. पडद्यावरचा आकडा म्हणजे हर्षांक."

रेघ लाल पट्ट्यात शिरली आणि टेबलावरच्या लहानशा पेटीतून खट्ट असा आवाज आला.

"मात्रापेटीला कुलूप लागलं. औषध मिळणार ते याच पेटीतून, थेंबाथेंबानं. हर्षांक मर्यादेबाहेर गेला की पेटी बंद. ज्या स्वयंसेवकांना नुसती वेदनाशामक मात्रा दिली, त्यांची रेघ हललीसुद्धा नाही."

दातीर पेटीकडे बघत राहिले. "सभागृहातले सगळे विरोधक एकच वाक्य बोलतात, डॉक्टर. औषध द्या, नशा नको. तुम्ही त्या वाक्याचं यंत्र करून दिलंत."

विधेयक त्याच अधिवेशनात मंजूर झाले. औषध चालू असताना रुग्णाचा हर्षांक ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. तिसऱ्यांदा गेला तर परवाना कायमचा रद्द, असे कलम त्यात आले. शर्वाणींकडे राज्यातले पहिले उपचार केंद्र सोपवण्यात आले. त्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे वाटले.

केंद्रातल्या पहिल्या रुग्णांत हंसा वैरागडे होत्या. शाळेत खो-खो शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचा आवाज पोचत असे, असे म्हणत. आता त्या बोलत नव्हत्या. चेहऱ्याच्या डाव्या बाजूचा मज्जातंतू बिघडला होता. घास चावला, पंख्याचा वारा लागला, हसण्यासाठी ओठ हलले, की गालातून विजेचा लोळ जाई. शस्त्रक्रियेनेही गुण आला नव्हता.

त्यांच्या वतीने नवरा बोलत होता. शेषराव एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले.

"पहिले घरात तिचा आवाज आन् माही चूप," ते म्हणाले. "आता उलटं झालं. मले वाटलं होतं मजा येईन. नाही येत, डाक्टरसाहेब."

शर्वाणींनी हंसाबाईंच्या जिभेखाली थेंब सोडले. काही वेळाने हंसाबाईंनी हात उचलला आणि भीत भीत डाव्या गालाला लावला. मग तळहात पूर्ण टेकवला. त्यांचे डोळे भरून आले.

"दुखत नाही," त्या म्हणाल्या. "अहो, दुखत नाहीये."

"पाहा बरं नीट," शेषराव गंभीरपणे म्हणाले, "दुसऱ्याच्याच गालाले हात लावला असंन."

हंसाबाई हसल्या. कितीतरी महिन्यांनी, तोंड भरून, आवाज करून हसल्या. आणि पेटी खट्ट करून बंद झाली.

शर्वाणींना आधी यंत्रातच बिघाड वाटला. त्यांनी हर्षमापी तपासला, पेटी तपासली, औषधाचा नमुनाही तपासला. त्यात नशेचे द्रव्य औषधापुरतेच होते आणि यंत्र बिनचूक होते. मग त्यांनी इतर रुग्णांच्या रेघा काढून पाहिल्या. ज्यांना आराम पडत होता, त्या सगळ्यांच्या रेघा चढत होत्या. काहींच्या तर न हसता, न बोलता, नुसते दुखायचे थांबल्यानेच लाल पट्ट्यात गेल्या होत्या. ज्यांना औषध लागू पडत नव्हते, त्यांच्या रेघा आडव्या होत्या.

आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा कळले. दुसऱ्याच दिवशी त्या दातीरांच्या कार्यालयात गेल्या.

"आपण चाचण्या निरोगी माणसांवर घेतल्या," त्या म्हणाल्या. "त्यांना काही दुखतच नव्हतं. मग शमणार काय आणि हर्षांक वाढणार कसा? जो वर्षानुवर्षं वेदनेत आहे त्याची वेदना थांबणं हेच मेंदूच्या दृष्टीनं मोठं सुख असतं. त्याच पथावर, तेच रसायन."

"मग मर्यादा वाढवा."

"वाढवली तर नशेबाजही तिच्या आत बसेल. आकड्यावरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत."

दातीरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे मी सभागृहाला काय सांगू? आराम आणि नशा एकच आहे? डॉक्टर, विरोधकांना हेच तर हवंय. हे वाक्य उच्चारलं की कायदाच जाईल, आणि तुमच्या रुग्णांच्या हाती काहीच राहणार नाही. वर्षअखेरीला आढावा समिती बसणार आहे. औषध मर्यादेत राहून गुण देतं, असा एक तरी रुग्ण तिच्यापुढे उभा करा. मग बघू."

तसा रुग्ण मिळणे अवघड होते. ज्याला गुण येई त्याचा परवाना जाई. हर्षमापीत ढवळाढवळ करण्याचा विचार शर्वाणींच्या मनात आला, पण प्रत्येक आकडा क्षणात राज्याच्या संगणकात जात होता, आणि तो बदलणे म्हणजे केंद्रच बंद पडणे. हंसाबाईंची रेघ मात्र नुसत्या आरामाने मर्यादेच्या जरा खाली थांबे. वर जायला आणखी थोडे काहीतरी लागे.

हे थोडे काहीतरी म्हणजे आपण, हे शेषरावांच्या लक्षात आले. ते घरात बोलेनासे झाले. जुने प्रवासी, त्यांच्या कोंबड्या, सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणे, सगळ्या गोष्टी त्यांनी बंद केल्या. एका दुपारी घरी दिलेल्या पेटीतून औषध घेऊन हंसाबाई भाकरी खायला बसल्या. घास नीट चावता येत होता. शेषराव समोर बसून भिंतीकडे बघत होते. हसू येईल असे काही आपल्याकडून घडू नये म्हणून त्यांनी ओठ इतके घट्ट मिटले होते की मिशा वर चढून नाकाला लागल्या होत्या. हंसाबाईंनी तो चेहरा पाहिला आणि त्यांना हसू आवरले नाही.

कुलूप लागले. ही दुसरी वेळ होती.

संध्याकाळी शेषरावांनी पिशवी भरली. "मी वणीले जातो, भावाकडे," ते म्हणाले.

"जाऊ नका," हंसाबाई म्हणाल्या. "परवाना गेला तर जाऊ दे."

"गेला तर पुन्हा थे दुखनं सुरू. मंग तू कुठं हासनार हायस? माहं तोंड पाहून हासू आलं तरी दुखून रडशीनच ना?" त्यांनी चपला पायांत सरकवल्या. "फोन नको करू. माहा आवाज आयकला का तू हासतेस."

ते गेले आणि हंसाबाईंचा हर्षांक उतरला. औषधाने जेवढा वाढे, तेवढा घरातल्या शांततेने खाली येई. पेटी रोज वेळेवर उघडू लागली. त्या जेवत, झोपत, वाऱ्यात बसत. दुखणे पूर्ण थांबले होते. शर्वाणी तपासायला येत तेव्हा त्या विचारलेल्या तेवढ्याच प्रश्नांची उत्तरे देत.

आढावा समिती बसली तेव्हा कार्यक्रमात जेमतेम काही रुग्ण उरले होते आणि त्यांतल्या कुणालाही औषधाचा उपयोग होत नव्हता. हंसाबाई तेवढ्या अपवाद होत्या. शर्वाणींनी ठरवले होते की त्यांची सगळी हकीकत समितीला सांगायची, म्हणजे कलमातला क्रूरपणा कुणालाही दिसेल.

"औषधानं बरं वाटतं?" समितीच्या अध्यक्षबाईंनी आस्थेने विचारले.

"वेदना गेली," हंसाबाई म्हणाल्या.

"आणि हर्षांक मर्यादेत कसा राहिला?"

"हे वणीला गेले. घरात मी एकटीच असते. शाळेतल्या मुली भेटायला येत असत, त्यांनाही येऊ नका म्हणून सांगितलं. मला आवडेल असं काही मी करत नाही."

आता तरी समजले असेल, असे शर्वाणींना वाटले. अध्यक्षबाईंनी दोन सदस्यांशी हलक्या आवाजात काही बोलून घेतले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे दोष औषधाचाही नाही आणि मर्यादेचाही नाही," त्या म्हणाल्या. "घरच्या वातावरणानं आकडा वाढतो. डॉ. उमाळकर, तुम्ही फार मोलाचा रुग्ण आणलात. आम्ही तर कायदा मागे घ्यायच्या विचारात होतो."

शर्वाणी उठून बोलू लागल्या. हर्षपथ काय, आराम म्हणजे काय, सगळे पुन्हा सांगितले. सदस्यांनी ऐकून घेतले. एकाने विचारले, "पण मग कायदा मागे घेऊ का?" बाहेरच्या ओसरीत परवाना गमावलेले रुग्ण निकालाची वाट बघत बसले होते. शर्वाणी खाली बसल्या.

दुरुस्ती एकमताने झाली. रद्द झालेले परवाने परत मिळाले, आणि रुग्णांसाठी शहराबाहेर शमनगृह बांधले गेले. हंसाबाईंनाही तिथेच हलवले. प्रत्येकाला वेगळी खोली होती. भेटी, फोन, गाणी काही नव्हते. ज्यांची रेघ नुसत्या आरामाने वर जाई, त्यांना आधी काही आठवडे औषधाविना तिथे एकटे ठेवत, रेघ पुरेशी खाली येईपर्यंत. मग औषध सुरू होई आणि लागूही पडे. त्यानंतर एकही पेटी बंद झाली नाही. इतर राज्यांची पथके शमनगृह पाहायला येऊ लागली. त्यांना ते दाखवण्याचे काम शर्वाणींकडे होते.

असेच एक पथक निरोप घेऊन गेले, तेव्हा फाटकाबाहेरच्या बाकावर त्यांना शेषराव दिसले. पिशवी मांडीवर घेऊन ते बसले होते. खूप वाळले होते.

"आत नाही सोडता येणार, शेषराव," शर्वाणी म्हणाल्या.

"ठाऊक हाय. मी काई आत याले नाही आलो." ते उठून उभे राहिले. "दुखते का तिले?"

"अजिबात नाही."

"जेवते?"

"सगळं जेवतात."

शेषरावांनी मान हलवली. खोल्यांच्या रांगेकडे ते थोडा वेळ बघत राहिले.

"मी आल्याचं सांगितलं तं नाही ना कोनी तिले?"

"नाही. सांगू का?"

"नका सांगू," ते घाईघाईने म्हणाले. "हासते का थे कधी?"

"नाही."

"मंग बरं हाय," शेषराव म्हणाले आणि बस थांबते तिकडे चालू लागले.