विचारपूस

दक्षिण किनाऱ्यावरच्या सगळ्या दवाखान्यांची स्मरणशक्ती एकाच ठिकाणी होती, किनाराकोशात. कुणाला कोणतं औषध चालत नाही, कुणाचं कसलं ऑपरेशन झालंय, सगळं त्याला ठाऊक. हा माहितीकोश फक्त याच दवाखान्यांसाठी राखलेला होता आणि स्वतःचा कारभार तो स्वतःच पाहायचा. दुरुस्त्या करायच्या, राखीव प्रती काढायच्या, कोणती नोंद कुठे ठेवायची ते ठरवायचं, यांत माणसाचं काम उरलं नव्हतं. पूर्वी एका माणसाच्या चुकीने हजारो नोंदी पुसल्या गेल्या होत्या. तेव्हापासून कोशाच्या आत हात घालायला कायद्यानेच बंदी होती. कोशपाल कौमुदी शिरोडकरलाही किनाऱ्यावरच्या कुणाही माणसासारखं त्याला फक्त विचारता यायचं.

मनोरमा तांडेल तिच्या कचेरीत आली ती थेट मासळीच्या लिलावातून.

“माज्या भावाची माहिती तुमच्याकडे होती ना?”

“होती, मनोरमाताई.”

“मगे ती उशिरा कित्याक इली?”

तिचा भाऊ सदानंद बेटावर एकटाच राहायचा. ताप डोक्यात गेला आणि बेशुद्धावस्थेतच त्याला होडीतून आणलं. डॉक्टरांनी कोशाला विचारलं, वाट पाहिली, शेवटी इंजेक्शन दिलं. तेच औषध त्याला चालत नव्हतं. नोंद उघडली तेव्हा सुई काढून झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात निकामी झाला.

कौमुदीने खुर्ची पुढे ओढली. “तुमच्या स्वयंपाकघरात मीठ-मसाला हाताशी असतो आणि लग्नाकार्याची पातेली माळ्यावर. कोशही तसंच करतो. ज्यांच्याबद्दल सारखं विचारलं जातं त्यांच्या नोंदी हाताशी, बाकीच्या माळ्यावर. सदानंद कित्येक वर्षांत दवाखान्यात आले नव्हते.”

“धडधाकट होतो म्हणान?”

“हो. धडधाकट होते म्हणूनच.”

“मगे जागा वाढवा.”

“ते कोश स्वतः ठरवतो. मी मागणी केली होती. उत्तर आलं, सरासरी वेळ उत्तम आहे, वाढीची गरज नाही.”

“सरासरी म्हणजे?”

“सगळ्यांचा वेळ एकत्र मिसळला की एकट्याचा उशीर त्यात दिसत नाही.”

मनोरमा उठली नाही. “तू विचारू शकतंस मां? मगे रोज विचार. बेटावरच्या एकेकाबद्दल विचार.”

कौमुदीने बेटांची यादी काढली. कायदा विचारण्याच्या आड येत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बेटांवरच्या आणि वर्षानुवर्षं दवाखान्याचं तोंड न पाहिलेल्या लोकांबद्दल ती कोशाला विचारू लागली. वरिष्ठांनी कारण विचारलं, तर तिने खरं तेच सांगितलं. थांब म्हणाले, तर लेखी द्या म्हणाली. लेखी कुणीच दिलं नाही. हळूहळू त्या नोंदी हाताशी आल्या. पावसाळा सरता सरता एका बेटावरची बाळंतीण अत्यवस्थ होऊन आली, तिची नोंद क्षणात उघडली आणि मायलेकी दोघी वाचल्या. मनोरमाने बंदरभर ही गोष्ट सांगितली. लोक सकाळी चहाबरोबर कोशाकडे आपापल्या माणसांची विचारपूस करू लागले.

मग आंब्याच्या बागेत राखणीला असलेला एक नेपाळी माणूस साप चावून आला. मागच्या वर्षीच त्याच्यावर उपचार झाले होते, नोंद अगदी ताजी. तरी ती उघडेना, आणि सदानंदनंतर नोंद पाहिल्याशिवाय डॉक्टर सुई टोचत नव्हते. ती उघडेपर्यंत तो गेला.

कोणती नोंद कुठे हलवली, ते कौमुदीने कोशालाच विचारलं. जागा ठरावीक होती. तिने वर्षभर ज्यांना खाली उतरवलं, तितकेच दुसरे वर गेले होते. ज्यांच्याबद्दल विचारणारं इथे कुणीच नव्हतं, ते.

तिने सगळं उघड सांगितलं. बंदरावर सभा घेतली, वर्तमानपत्रांत लिहिलं, जागा वाढवा म्हणून मंत्रालयापर्यंत गेली. कोशाची सरासरी पूर्वीपेक्षाही सुधारली होती. मंत्रालयाने त्याचं अभिनंदन केलं. आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी, आता खरं कळल्यामुळे, विचारपूस दुप्पट केली.

पुढे दवाखान्याच्या खिडकीवर नावापाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारला जाऊ लागला. कौमुदी तिथे उभी असताना एका म्हाताऱ्याला तो विचारला गेला.

“आजोबा, तुमची विचारपूस कोण करतं?”

“कोणी नाही, बाई.”

“मग थांबावं लागेल हं जरा.”

रांगेतली माणसं जमिनीकडे पाहू लागली. सदानंदला धरून मनोरमाही त्याच रांगेत उभी होती.

कौमुदी पुढे झाली. “माझं नाव लिहा. यांची विचारपूस मी करीन. आजपासून.”

मनोरमाने भावाचा निकामी हात घट्ट धरला.

“आणि ह्येंच्या बदली,” तिने हळूच विचारलं, “वर कोण जातलो, बाय?”