चार बोटांवरचा डाग

वाघजाई धरणाच्या दारावर कागद घेऊन येणाऱ्याला आधी गुडघ्यावर बसवत, मग मानेला बंदूक लावत आणि त्यानंतर कागद वाचत. हुकूम पोचवणाऱ्या दिलावर मुल्लाला याची इतकी सवय झाली होती, की मोटरसायकल लावली की तो आपणहून पायरीवर गुडघे टेकायचा. पहाऱ्याचे नाईक हिंदुराव शेवाळे एका हाताने बंदूक धरत आणि दुसऱ्या हाताची चार बोटं कागदावर ठेवून डागांमधलं अंतर मोजत. डाग बरोबर निघाला की दोघं एकाच डब्यातली भाकरी खात. आजवर कागद आणणाऱ्या दुसऱ्या दोघांचा डाग चुकला होता. त्यांना हिंदुरावांनी त्याच पायरीवर गोळी घातली होती.

हा वेड्यांचा कारभार वाटेल, पण त्याला कारण होतं. यंत्रांना कुणाचाही आवाज, चेहरा, सही हुबेहूब उतरवता येऊ लागली आणि खरा हुकूम कुठला, बनावट कुठला, हे सांगता येणारं कुणी उरलं नाही. अशाच एका बनावट हुकमावर वाघजाईची सगळी दारं एकदम उघडली गेली. खालची गोटेवाडी वाहून गेली. हिंदुरावांनी आपल्या बायकोची आणि दोन्ही मुलींची प्रेतं स्वतःच्या हातांनी गाळातून उपसून काढली.

त्यानंतर नियंत्रण कक्षाच्या डॉ. नीरजा उपळेकरांनी अडगळीतला जुना लेझर प्रिंटर बाहेर काढला. अशा प्रिंटरच्या पोटात लेप दिलेलं एक नळकांडं फिरत असतं, त्याला ड्रम म्हणतात. लेझरचा किरण त्या लेपावर विजेच्या भाराने अक्षरं काढतो, टोनरची काळी पूड त्या अक्षरांना चिकटते, तिथून कागदावर उतरते आणि गरम रुळाखाली पक्की होते. लेपावर ओरखडा असला, तर ड्रमच्या प्रत्येक फेऱ्याला कागदावर डाग उमटतो. या ड्रमचा डाग तांदळाच्या दाण्याएवढा होता आणि दर चार बोटांवर पडायचा. तो रोज किंचित झिजायचा, पसरायचा, त्यामुळे आजचा कागद कालच्या कागदाशी ताडून पाहता येई. नीरजाने त्याला नाव दिलं व्रणमुद्रा. निर्दोष वस्तूची नक्कल करता येते, पण रोज वाढणाऱ्या दोषाची करता येत नाही, असं तिने पहारेकऱ्यांना शिकवलं. हिंदुरावांइतकं मन लावून ते कुणीच शिकलं नाही.

आणि नेमकं धरण काठोकाठ भरलं त्या दिवशी प्रिंटरने मान टाकली. दोन दारं ताबडतोब उघडली नाहीत तर बांध फुटणार होता आणि खालचं एकही गाव उरणार नव्हतं. हुकमाचा कागद मात्र राखेत लोळवल्यासारखा करडा आला. अक्षरं पुसट, हुकूम वाचता येईना. नीरजाने टोनरची पेटी काढून हलवली. अक्षरं ठळक झाली, करडेपणाही वाढला. तिने रूळ पुसले, कागद बदलला, गरम रूळ पुरेसा तापतोय का हे बोट चोळून पाहिलं. पूड पक्की बसत होती. मग उरला ड्रम. त्याचा लेपच संपला होता.

कपाटात नवा ड्रम होता. तो बसवला की कागद आरशासारखा स्वच्छ येणार आणि दिलावर मरणार. नीरजा पुरती घाबरली. बनावट थांबवण्यात जिचं आयुष्य गेलं, ती बाई सुई घेऊन नव्या लेपावर तांदळाचा दाणा कोरायला बसली. कालच्या कागदावरून तिने जागा हेरली, डाग जमवला. दिलावरला काहीच बोलली नाही, फक्त त्याच्या मागे मोटरसायकलवर बसली.

पायरीपाशी पोचले तेव्हा बांधावरून लाटा अलीकडे सांडत होत्या. दोघांनी गुडघे टेकले. हिंदुरावांनी बोटं लावली. अंतर बरोबर होतं. तरी ते बराच वेळ कागद पाहत राहिले.

"कागद लई चांगला आलाय, बाई," ते म्हणाले आणि त्यांनी बंदुकीचा घोडा मागे ओढला.

कालच्या दाण्याची कड विरलेली होती, आजची ताजी, धारदार होती. नीरजाने सगळं कबूल केलं. हुकूम खरा आहे, डाग खोटा आहे, तो मी कोरला.

दिलावरची मान वळली. "मॅडम, मला आधी सांगायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला.

"डाग न कोरता खरं सांगितलं असतं, तर दारं उघडली असती?" तिने विचारलं.

"न्हाई. गोळीच घातली असती." हिंदुराव म्हणाले. "मागं दोघं आले, ते रडत व्हते. पैसे घेतल्यात, सोडा म्हणत व्हते. खोट्यासाठी कोण आपल्या अंगातलं काय देत न्हाई. तुम्ही खऱ्यासाठी काय देता?"

त्यांनी झुडपं तोडायचा कोयता पायरीवर ठेवला. नीरजाला कळलं, आणि हात आपणच पुढे करायला हवा हेही कळलं. पण तिच्या मुठी वळल्या त्या उघडेनात. दिलावरने डावा पंजा दगडावर पसरला.

"करंगळी घ्या, नाईक. क्लचला बाकीची लागत्यात."

पहिल्या घावात हाड तुटलं नाही. हिंदुरावांना दुसरा घालावा लागला. दिलावर ओरडला आणि दगडावर कपाळ आपटत राहिला, रक्त पायरीवरून खाली उतरत गेलं. हिंदुरावांनी आपला टॉवेल फाडून त्याचा हात बांधला, रडत रडतच. मग आत जाऊन त्यांनी दोन दारं उघडली. बांध वाचला, खालची गावंही वाचली.

पाणी उतरलं तेव्हा दारं बंद करायचा हुकूम निघाला. नव्या ड्रमचा कागद सुरेख आला होता. दिलावर अजून दवाखान्यात होता, तेव्हा नीरजा तो घेऊन एकटीच गेली. पायरीवर आता बाभळीचा ओंडका ठेवलेला होता, धुऊन स्वच्छ केलेला. शेजारच्या धरणाचे नाईक येऊन पाहून गेले, असं हिंदुरावांनी सांगितलं. त्यांनाही पटलं होतं, तिथेही सुरू झालं होतं.

"डागापेक्षा सोपं हाय," ते म्हणाले. "कुणाला शिकवायला लागत न्हाई."

नीरजाने गुडघे टेकून कागद पुढे केला. हिंदुरावांनी तो घेतलाच नाही. ते तिच्या हातांकडे पाहत होते.

"कुठल्या हातानं लिहिता, बाई?" त्यांनी अदबीने विचारलं.

"उजव्या," ती म्हणाली आणि तिने डावा हात ओंडक्यावर ठेवला.