जोडीच्या फोटोची ठळक प्रत

विषय : मुरगूडच्या बायडाबाई यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पतीसोबतचा फोटो सादर करण्याबाबत.
संदर्भ : कार्यालयाचे तोंडी आदेश. (लेखी मिळत नाहीत.)

उपरोक्त विषयी सांगायचे ते असे. मी कारकून होतो. नोकरी संपली, सवय सुटली नाही, म्हणून लोकांचे अर्ज लिहितो. बायडाबाईंचे मालक ज्ञानू पाटबंधारे खात्यात चौकीदार होते. ते वारले आणि पेन्शन थांबली. बाईंचं पोट त्यावरच. कार्यालयाला जोडीचा फोटो हवा होता. बाईंकडे लग्नातली एक निगेटिव्ह होती, तीही इतकी फिकी की संगणकावर नुसतं धुकं आलं.

म्हणून भर दुपारी आम्ही कोल्हापुरात जयपालअण्णांच्या जुन्या स्टुडिओत गेलो. फिकी निगेटिव्ह ठळक करायला अण्णांनी वडिलांच्या वेळची रसकापुराची, म्हणजे पाऱ्याच्या विषारी क्षाराची, बाटली काढली. चिठ्ठीवरची कवटी अजून शाबूत होती.

"इख हाय, हात लावू नका. पूर्वी वैद्य गरमीच्या रोगावर द्यायचे की. रोग जायचा."

"आणि रोगी?"

"कवाकवा बरोबरच जायचा."

रसकापुराच्या पाण्यात निगेटिव्हवरची माणसं पांढरी होऊन पुसली गेली. मग अमोनियाच्या उग्र वासात ती काळी, ठसठशीत होऊन परत आली. दार लावून, लाल दिव्याखाली अण्णांनी त्या निगेटिव्हवरून छापलेला फोटोचा कागद तबकातल्या रसायनात सोडला. तबक हलवताना ते ओट्याला लागून टक्‌टक्‌ वाजत होतं. आधी फेटा वर आला. मग मुंडावळ्या.

अण्णांचे हात थांबले. टक्‌टक्‌ थांबली नाही.

"बायडाक्का... पल्याड कोण हुबं हाय?"

"कोन न्हवतं. आमी दोघंच..." बाई वाकल्या. "ही थोरली."

थोरली म्हणजे ज्ञानूंची पहिली बायको, या लग्नाआधीच वारलेली. तिच्या जागी आलेल्या बाईने तिच्या नावाची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती त्रास देत नाही, अशी रीत आहे.

"फोटूत बरं दिसत न्हाय म्हून काढलाता, भाऊसाहेब... तेवढ्यापुरताच." बाईंनी गळ्यातला टाक मुठीत धरला.

भुतापेक्षा कार्यालयाची भीती जास्त. मी म्हटलं, "पुसट आहे, चालेल," आणि अर्ज दाखल केला.

शेरा आला : अधिक महिलेचा खुलासा करावा. ती मयत असल्याचं कळवून दाखला जोडला. मग फोटोच परत आला : अर्जदार फोटोत दिसत नाहीत.

मी तो अण्णांना दाखवला. ते खिडकीपाशी गेले.

"इखानं निगेटिव्ह उडती कधीमधी. पर ह्या कागदाला इख लागलंच न्हाय की..."

ज्ञानूंशेजारी थोरली स्पष्ट होती, मुंडावळ्या बांधून. बायडाबाईंच्या जागी धुकं होतं. त्या धुक्याच्या गळ्यात चांदीचा टाक तेवढा स्वच्छ दिसत होता.

बाईंचा गळा आता मोकळा आहे. टाक कुठं पडला ते आठवत नाही म्हणतात.

अर्ज प्रलंबित आहे.