यादीतलं चौथं नाव

रुग्णालयाचे तीन सर्व्हर फाइलींच्या एकाच सामाईक साठ्यावर चालायचे, आणि ते सांभाळणं तिचं काम. तीन जावा आणि स्वयंपाकघर एक, असं ती गमतीने म्हणायची. एकीने डबा उघडला की बाकीच्यांनी थांबायचं. म्हणून प्रत्येक फोल्डरला कुलूप, आणि उघडणाऱ्या सर्व्हरचं नाव कुलपावर.

आज गंमत सुचत नव्हती. तीन वाजता बाबांच्या डोक्याचं ऑपरेशन होतं आणि त्यांच्या स्कॅनचा फोल्डर उघडत नव्हता.

सकाळी बाबा डावं कानशील चाचपत म्हणाले होते, "गाठ इथं आहे गं."

तिने त्यांचं बोट उजवीकडे सरकवलं. "फोटोत इथं दिसतेय, बाबा." शिकलेल्या लेकीचं म्हणणं त्यांनी मानलं.

कुलपावर नाव होतं चौथ्या सर्व्हरचं.

चौथा सहा महिन्यांपूर्वीच मोडीत निघाला होता. डिस्क तिनेच काढल्या, सांगाडा कपाटात ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'यादीतून काढला'. आधी चिठ्ठी, मग काम, ही त्यांच्या खात्याची जुनी खोड. साठा वापरणाऱ्या सर्व्हरच्या यादीतून नाव काढायचं मात्र राहूनच गेलं होतं. जुनं कुलूप असेल, असं म्हणून तिने ते लागल्याची वेळ पाहिली. आज दुपारी दीड.

ती कपाटाशी गेली. सांगाडा धूळ खात पडला होता. ना वायर, ना डिस्क. परत येऊन पाहते तर चौथा अजून फोल्डरात लिहीतच होता. तिची मतीच गुंग झाली.

सर्जनचा फोन आला. "ताई, फोटो?"

"दोन मिनिटं, सर."

सव्वादोनला तिने यादीतून चौथं नाव पुसलं. फोल्डर उघडला, फोटो वर सर्जनकडे गेले.

पुन्हा फोन. "तीन फोटोंत गाठ उजवीकडे आहे आणि चौथ्यात डावीकडे. त्यावर वेळ आजचीच आहे, तीन चाळीस. अहो, आत्ता अडीच वाजतायत. काढला कुणी हा?"

"मला नाही माहीत, सर."

"मग मी हात लावत नाही. पुन्हा स्कॅन करू."

गाठ डावीकडेच निघाली. जुन्या फोटोंवर बाजूची खूण उलटी पडली असणार, असं सर्जन म्हणाले. नवा फोटो साठ्यात आला तेव्हा तीन चाळीस झाले होते. तिने तो त्या चौथ्या फोटोशी ताडून पाहिला. तसूभरही फरक नव्हता.

ऑपरेशन झालं आणि रात्री आठला बाबा शुद्धीवर आले. लेकीला ओळखलं. तिला हुंदका आवरला नाही.

मग फोल्डर नीट लावायला ती खाली आली. आत चौथ्याने लिहिलेली आणखी एक फाइल होती, बाबांच्याच स्कॅनची. अर्धवट, म्हणून सर्जनकडे न गेलेली. वेळ उद्या सकाळची, सहा दहा.

वर कवटीची बोटभर कड. खाली सगळं काळं.

चौथ्याचं लिहिणं सव्वादोनला थांबलं होतं. तिनेच थांबवलं होतं.

तिला काही कळेना. हे काळं लिहिणं अर्धवट राहिल्याचं, की उद्या सकाळी खरंच दिसणारं?

तिने यादी उघडली आणि चौथं नाव पुन्हा घातलं.

कुलूप लगेच लागलं.

फाइल वाढू लागली, अगदी सावकाश.