रत्नम्मांच्या लुगड्याची घडी

भूत पाहायचा हट्ट करमाळ्याच्या मावशीचा, आणि फाटकाशी येऊन पाय मागे घेतले तेही मावशीनेच. "तूच बघून ये गं, मी बसते हितं सावलीत," म्हणत तिने कपाळावरची विभूती हातानं चाचपली. भुवनेश्वरी मग एकटीच इंगळगी बंगल्याच्या पायऱ्या चढली... आणि दारातून बाहेर येणाऱ्या तरुणावर थेट आदळली.

"सावकाश! भूत वरच्या मजल्यावर आहे. कुठं पळून जात नाही."

"तुम्ही कोण, त्याचे सेक्रेटरी?"

"विरेश. ह्या संग्रहालयाची देखभाल करतो. भुताचीही... थोडीफार."

भुवनेश्वरी नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात वाढलेली. गिऱ्हाईक उंबरा ओलांडायच्या आत त्याच्या जमेच्या आणि खर्चाच्या बाजू मांडून ती मोकळी व्हायची. विरेशच्या जमेला तिने सरळ नजर धरली, इस्त्रीचा सदरा धरला, गालावरची खळी धरली. खर्चाला एवढंच, की खळी आहे हे त्याला ठाऊक होतं.

पण घर दाखवू लागला आणि तो स्वतःला विसरलाच. जुन्या तसबिरीवर ऊन येताना दिसलं, तर बोलता बोलता खिडकीचं दार अर्धं लोटलं. "झोपाळ्यावर नका बसू, थकलाय बिचारा," म्हणाला. शंभर वर्षांच्या पितळी समईवरून असा हात फिरवला, जसं घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा. भुवनेश्वरी समई सोडून त्या हाताकडेच बघत राहिली.

वरच्या खोलीत घराचे मालक गुरप्पाकाका खुर्ची टाकून बसले होते. काचेच्या कपाटात त्यांच्या आजीचं, रत्नम्मांचं, रेशमी इरकली लुगडं. कपाटाला कुलूप, तरी लुगड्याची घडी अधूनमधून आपोआप बदलते – सगळ्या सोलापुरात बंगल्याचं नाव झालं ते ह्याचंच.

"आज्जी येते," काका अभिमानानं म्हणाले. "म्हणून लुगड्याला कुणाचा हात लागू देत न्हाय मी. लावला, तर त्याला ह्या घराचं दार बंद!"

भुवनेश्वरी काचेवर वाकली. आणि दुकानातली पोर, जीभ आवरते होय!

"अय्यो! ही तर चादरीची घडी! आधी उभी दुमडलेली, मग तीन पट्ट्या, कडा आत. लुगडं असं कोण घालतं? तुमच्या भुताचं चादरीचं दुकान हाय की काय?"

ती एकटीच हसली.

"चादरीचं दुकान..." काकांनी सावकाश मान वळवली. "ह्याच्या वडिलांचं हाय."

विरेशचे कान लाल झाले होते. भुवनेश्वरीने जीभ चावली. आपल्या हुशारीनं ह्या माणसाचं जीव लावलेलं घर सुटणार!

"तसं नव्हं काका," ती घाईनं म्हणाली, "रत्नम्मांनाच तशी सवय असेल की–"

"नको," विरेश म्हणाला. "काका, मीच. रेशीम एकाच घडीवर राहिलं की तिथंच चिरतं. तुम्ही हात लावू देणार नव्हता. आणि आज्जी आली म्हणून तुम्ही इतके खूश झालात, की... मग सांगवेना."

निसटायची वाट तिने त्याच्या हातात दिली होती. त्याने ती घेतली नाही. भुवनेश्वरीच्या हिशेबात खर्चाची बाजू तिथंच पुसली गेली.

"म्हणजे... आज्जी येत नव्हती," काका एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ती त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. "काका, आज्जींच्या लुगड्याची काळजी करणारं माणूस घरात हाय. भुतावर एवढा जीव लावलात... जित्या माणसावर थोडा लावा की."

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग एकदम कडाडले, "पण चादर समजलास व्हय रे? आज्जी असती तर कान पिळला असता तुझा!"

"मला दुसरी घडी येत नाही, काका."

"मला येते," भुवनेश्वरी म्हणाली.

काकांनी विरेशकडची किल्ली मागून घेतली. कपाट स्वतः उघडलं. "मला इचारल्याबिगर पुन्हा हात लावशील तर बघ! आता घाला नीट. दोघं मिळून. एकट्याचं काम न्हाय ते." आणि खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चालल्यासारखे तिकडं तोंड करून बसले.

खोलीच्या ह्या टोकाला ती, पदर धरून. त्या टोकाला तो. मधे झुलतं हिरवं रेशीम, लवंगेचा मंद वास.

"ओढू नका. काठाला काठ लावा... हं. आता या."

"किती पुढं?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

तो आला. ती थांब म्हणालीच नाही. काठ काठाला भिडले, बोटं बोटांना.

"सोडा की."

"सोडतो... पण ही घडी दर महिन्याला बदलावी लागेल. याल?"

"घडीसाठी?"

"नाही," त्याची खळी आता कुठल्या कुठं गेली होती. "मला तुम्ही आवडलात. घडी... निमित्त."

भुवनेश्वरीने मान खाली घातली. रेशमावरची नसलेली सुरकुती अंगठ्यानं सारखी केली.

"रेशीम थांबेल हो महिनाभर," ती हळूच म्हणाली. "मी न्हाय थांबायची. उद्या येते."

तेव्हा कुठं त्याने काठ सोडला.