उष्ट्या हळदीची वाटी

वाटी सांभाळत भागवत घाईघाईने आला आणि नवरीच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या मंजुषावरच धडकला. थोडी हळद तिच्या पांढऱ्या कोटावर सांडली.

"आत न्यायची नाही," ती म्हणाली.

"नवरदेवाची उष्टी हळद हाय, मॅडम. नवरीला लागल्याबिगर कसं जमंल?"

भागवत नवरदेवाचा धाकटा भाऊ. पुसेगावचं वऱ्हाड नवरीच्या गावी, हट्ट्याच्या शाळेत उतरलं होतं आणि मंजुषा हिंगोलीहून नवरीला, शीतलला, सजवायला आली होती. चिमटे उकळणारी, प्रत्येकीला वेगळा टॉवेल देणारी ही पोरगी नाकावर माशी बसू देत नसे.

"नवरदेवाच्या अंगावर काही उठलंय का?"

तो घुटमळला. सरळ नाही म्हणता आलं असतं... पण त्याने आवाज खाली आणला. "मानंला नायटा हाय. मलम चालू हाय."

खरं बोलला! मंजुषाला तो तिथेच आवडला.

"शीतलचं सकाळीच वॅक्सिंग झालंय. कातडी नाजूक असते, नायटा लगेच लागेल. अन् नाव माझं खराब होईल," तीही हळू आवाजात म्हणाली.

"हळद परतवली तर आमी मांडवात पाय ठेवायचे न्हाई!" मागून नवरदेवाच्या आत्या, लक्ष्मीबाई, कडाडल्या. नवरीच्या बापाने मंजुषापुढे हात जोडले. ती मात्र दारातून हलली नाही.

"आत्या, ताजी हळद डब्यात भरू," भागवत म्हणाला. "झाकण लावून डबा दादाच्या कपाळाला टेकवतो. झाली की उष्टी."

"असं कुठं असतंय?"

तो आत्याच्या कानाशी वाकला. "मग नायट्याचं समद्यांना सांगू?"

"गप मेल्या! आण तुझा डबा."

शीतलला हळद लागली. नळावर भागवत साबणाने कोपरापर्यंत हात धूत होता — तिसऱ्यांदा.

"पुरे की," मंजुषा हसली. "सगळे मला ताई म्हणतात. तुम्हीच काहून नाही?"

"कसं म्हणू? तुमी..." तो अडखळला, मग सरळ बघत म्हणाला, "तुमी आवडल्या मला. घरच्यांना मागणी घालायला पाठवू?"

तिचा आवाज ठाम होता.

"आजवर अशा प्रत्येक दारात मी एकटीच भांडले, भागवत. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं. पाठवा घरच्यांना... मी हो म्हणणार आहे."