सोशिकांक

अकोल्यात आता चैत्रातच पारा पन्नाशी ओलांडायचा, आणि गाडीच्या एका बॅटरीत दोन माणसांना पुरेल एवढा गारवा मावत नसे. म्हणून तो वाटायचं काम गाड्यांवरच सोपवलं होतं.

पद्माकररावांच्या गाडीचं वाटप मात्र भलतंच होतं. त्यांच्या बाजूला थंडगार झुळूक आणि शेजारी बसणाऱ्या त्यांच्या पत्नीकडे, इंदुमतीबाईंकडे, नुसती भट्टी. मागच्या आठवड्यात बाई सीटवरच बेशुद्ध पडल्या. पुन्हा असं झालं तर हाती लागायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पद्माकररावांनी गॅस भरून घेतला, फिल्टर बदलला, हवा डावी-उजवीकडे वळवणारी झडपही नवी बसवली. पण ये रे माझ्या मागल्या! शेवटी त्यांनी ही यंत्रणा घडवणाऱ्या डॉ. शाल्मली केकरेला गाठलं.

"बिघाड नाहीच काका," गाडी तपासून शाल्मली म्हणाली. "गाडी प्रत्येकाचा सोशिकांक काढते. कोण किती उकाडा मुकाट्याने सोसतो, त्याचा आकडा. ज्याची कुरकुर जास्त, त्याला गारवा जास्त. एकूण कुरकुर कमी झाली की गाडीच्या लेखी सगळे सुखी. काकूंनी कधी तक्रार केली?"

पद्माकरराव आठवू लागले. एवढ्या वर्षांच्या संसारात 'मला चालते न जी' यापलीकडे काही आठवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मग तिच्या वतीने मी सांगतो न!"

"ते गाडी धरत नाही. नाहीतर कुणीही दुसऱ्याच्या नावावर गारवा लाटेल. काकूंनीच बोलायला हवं."

शाल्मलीने जुने आकडे पुसले, नवरा-बायकोला गाडीत बसवलं, दोघांकडे सारखी हवा सोडली आणि दारं लावून ती बाहेर उभी राहिली. त्या उन्हात अर्धी हवा कुणालाच पुरेना. आज आपण ब्र काढायचा नाही, असं पद्माकररावांनी ठरवलं होतं. तरी तोंडातून निघालंच, "हुश्श!"

गाडीने ते ऐकलं. त्यांच्याकडचा झोत वाढला, पलीकडचा मंदावला.

"इंदू, बोल न! उकडते म्हण!" ते कळवळून म्हणाले.

इंदुमतीबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता, श्वास तोकडा पडत होता. त्यांनी हात उचलला. पद्माकररावांच्या जिवात जीव आला.

बाईंनी समोरची हवेची जाळी नवऱ्याकडे वळवली.

"किती घाम आला तुम्हाला," त्या म्हणाल्या. "माझं चालते."

'काकू, बोला!' म्हणत शाल्मली बाहेरून काच बडवत होती. उरलीसुरली गार हवा पद्माकररावांच्या तोंडावर आली, आणि जीव इतका तुटत असतानाही त्यांना बरं वाटलं.